साबणाचं वाळवण

नरक चतुर्दशीच्या पहाटे कागद फाडून जी नवी वडी बाहेर निघते, ती हाताने केलेल्या साबणाची असेल तर तिचा जन्म बहुधा गणपतीच्या आसपासचा असतो. हिशेब सरळ आहे. थंड पद्धतीचा साबण साच्यातून काढून कापला की चार ते सहा आठवडे मुरवावा लागतो. दिवाळीच्या खरेदीसाठी तो दुकानात निदान दोन आठवडे आधी पोचायला हवा. भाद्रपद शुद्ध चतुर्थी ते आश्विन वद्य चतुर्दशी हे अंतर तर तिथींनीच बांधून दिलेलं, चौपन्न-पंचावन्न दिवसांचं. म्हणजे घरात गणपती बसायच्या सुमाराला वड्या कापून मांडणीवर लागलेल्या असल्या पाहिजेत.

तिथी ठरलेल्या आहेत, हवा ठरलेली नाही. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि अभ्यंगस्नान २० ऑक्टोबरला. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. त्या दिवाळीचा साबण जवळजवळ सगळा पावसातच वाळला, किंवा खरं सांगायचं तर वाळलाच नाही. यंदा अधिक ज्येष्ठाने सगळे सण पुढे ढकलले, गणपती १४ सप्टेंबरला आले आणि अभ्यंगस्नान ८ नोव्हेंबरला आहे. ऑक्टोबरचं अख्खं कोरडं ऊन साबणाच्या वाट्याला आलं. अधिक महिन्याचं पुण्य जावयांना मिळतं हे ऐकून होते, ते साबणवाल्यांनाही मिळतं हे यंदा कळलं.

घरगुती साबणाचं पीक गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुण्या-मुंबईत जोरात आलं आहे. एका दिवसाच्या कार्यशाळा होतात. त्यांत तेलं मोजायला शिकवतात, कॉस्टिक सोडा पाण्यात कसा सोडायचा ते शिकवतात, गॉगल आणि हातमोजे घालायला लावतात, रंगांची नक्षी काढून दाखवतात. संध्याकाळी प्रत्येक जण साचा कुशीत घेऊन घरी जातो. त्यानंतर विक्रीच्या दिवसापर्यंत तो साबण कुठे आणि कसा ठेवायचा, याला शेवटची पाच मिनिटं मिळतात. "हवेशीर, थंड, कोरड्या जागी ठेवा." वाक्य बरोबर आहे. फक्त जून ते सप्टेंबर या काळात कोकणात हवेशीर आणि कोरडी अशी एकच जागा नसते. हवेशीर तरी असते, नाही तर कोरडी तरी.

साबण मुरतो म्हणजे आत नक्की काय होतं, हे आधी पाहू. एक किलो तेलांचा साबण करायचा तर साधारण तीनशे ग्रॅम पाणी आणि दीडशे ग्रॅमच्या आत-बाहेर कॉस्टिक लागतो. नेमका आकडा तेलांवर ठरतो, खोबरेलाला जास्त, ऑलिव्हला कमी. तेल आणि कॉस्टिक यांची मुख्य क्रिया एक-दोन दिवसांत उरकते. सहा आठवडे थांबायचं ते कॉस्टिक मरायला, हा गैरसमज आहे. प्रमाण बरोबर असेल तर तो तिसऱ्या दिवशी उरलेलाच नसतो. जुन्या कारागिरांची खात्री करायची रीत म्हणजे ओलं बोट वडीवर घासून जिभेला लावायचं. झटका बसला तर कॉस्टिक शिल्लक आहे, नाही बसला तर नाही. थांबायचं ते पाण्यासाठी. साच्यात गेलेल्या पाण्यातला मोठा भाग हळूहळू बाहेर पडतो, आतल्या स्फटिकांची रचना घट्ट होते, वडी कडक आणि सौम्य होत जाते, फेस सुधारतो. शंभर ग्रॅमची वडी या काळात पंच्याऐंशी-नव्वदवर येते.

पाणी बाहेर काढायचं आहे आणि वडीच्या पोटात पाणी ओढणारा पदार्थ बसला आहे, ही यातली मेख. तेलाच्या वजनाच्या सुमारे एक दशांश ग्लिसरीन साबण होताना तयार होतं. मोठ्या कारखान्यात मिठाच्या पाण्याने ते वेगळं काढून विकतात. साबणाचा लगदा निर्वात यंत्रात वाळवून, दाबून, ठसा मारून वडी थेट वेष्टनात जाते. तिथे मुरवणं नाही की मांडणी नाही. हातसाबणात ग्लिसरीन वडीतच राहतं आणि तेच त्याचं विक्रीचं भांडवल असतं. 'त्वचा कोरडी पडत नाही' हे वाक्य लेबलवर येतं ते त्याच्या जोरावर. पण ग्लिसरीन हवेतली ओल खेचतं. नागपूरच्या मे महिन्यात खेचायला काही नसतं, त्यामुळे वडी निमूट वाळते. चिपळूणच्या जुलैत वडी घामेजते. अंगावर दवाचे थेंब उभे राहतात, बोट लावलं की बुळबुळीत लागतं, आणि तराजूवर ठेवली तर गेल्या आठवड्यापेक्षा दोन-तीन ग्रॅम जास्तच भरते.

चिपळूणचं नाव सहज घेतलेलं नाही. तिथे घराच्या वरच्या मजल्यावर साबणाची खोली सांभाळणाऱ्या एका ताईंकडे मी श्रावणात गेले होते. नाव छापू नका म्हणाल्या. नातेवाइकांना फुकट साबण द्यावे लागतात, हे कारण. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हापासून त्या घरात विकायची कुठलीही वस्तू तळमजल्यावर ठेवत नाहीत. खोलीत बांबूच्या कामट्यांच्या मांडण्या, एकीवर एक पाच. वड्या उभ्या, दोन वड्यांमध्ये बोटभर अंतर, दर रांगेच्या टोकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी: तारीख, तेलं, वास, कापतानाचं वजन. प्रत्येक रांगेतल्या एकाच वडीवर कोपऱ्यात टाचणीने खूण. दर रविवारी तीच वडी तराजूवर चढते आणि वजन चिठ्ठीवर उतरतं. सलग तीन रविवार वजन हललं नाही की ती रांग 'झाली'. सहा आठवडे की आठ, हे कॅलेंडरवर नाही, तराजूवर ठरतं.

"आणि पावसात?" मी विचारलं.

"पावसात तराजू खोटं बोलतो. वजन हलत नाही म्हणजे साबण वाळला असं नाही हो, हवाच इतकी ओली की त्यातलं पाणी बाहेर जायला जागा नाही."

खिडक्या बंद होत्या. पंखा बंद होता. मला वाटलं वीज गेली असावी. तर नाही. पंखा लावला की ओलीच हवा नुसती फिरते, असं त्यांचं म्हणणं, आणि ते शास्त्राला धरून आहे. बाहेर हवेत नव्वद टक्के दमटपणा असताना खिडकी उघडणं म्हणजे साबणाला पाणी पाजणं. म्हणून दाराला खाली रबराची पट्टी, फटींना टेप, आणि कोपऱ्यात हवेतली ओल काढणारं यंत्र, डिह्युमिडिफायर. भिंतीवर एवढंसं आर्द्रतामापक. त्याचा काटा साठच्या खाली राहिला की ताई खूश. यंत्राच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी बादलीत ओतायचं. सासूबाई ते पाणी बघून रोज एकदा तरी म्हणतात, "अगं, हे सगळं आपल्या हवेतलं?" विजेचं बिल हा वेगळा विषय, त्याचा वाटा वडीच्या किमतीत धरावाच लागतो, आणि घाटावरच्या साबणवाल्याला तो धरावा लागत नाही. एकाच प्रदर्शनात शेजारी मांडलेल्या दोन वड्यांच्या किमतीत वीस रुपयांचा फरक का, याचं हे एक उत्तर आहे. गिऱ्हाइकाला ते कोणी सांगत नाही.

हवेवर साबणाचा धंदा ठरणं ही कोकणची खोड नाही, साबणाच्या मोठमोठ्या गावांची हीच गोष्ट आहे. ५ ऑक्टोबर १६८८ रोजी चौदाव्या लुईच्या दरबारातून एक फर्मान निघालं, ते दक्षिण फ्रान्सच्या साबणावर. त्यात ऑलिव्हखेरीज दुसरी चरबी वापरायला बंदी होती, हे पुष्कळांना माहीत असतं. पण त्याच फर्मानात जून, जुलै आणि ऑगस्ट या महिन्यांत भट्ट्या बंद ठेवायचा हुकूमही होता, कारण उन्हाळ्याच्या उष्म्यात साबण बिघडतो. राजाने ऋतू ठरवून दिला. त्याच दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेयला पुढे मिस्त्राल नावाच्या उत्तरेकडच्या कोरड्या वाऱ्याची साथ मिळाली आणि तिथला साबण जगभर गेला.

सीरियातल्या अलेप्पोत राजाचं फर्मान लागलं नाही, ऑलिव्हच्या झाडांनीच ऋतू ठरवला. फळं हिवाळ्याच्या तोंडावर येतात, तेल निघतं, नोव्हेंबरपासून कढया चढतात. ऑलिव्हचं तेल दिवसेंदिवस शिजवून शेवटी त्यात घाराचं तेल घालतात. घार म्हणजे तमालपत्राच्या नात्यातलं, भूमध्य समुद्राकाठचं लॉरेलचं झाड. हा गरम हिरवा लगदा मोठ्या दालनाच्या जमिनीवर ओततात. थिजला की माणसं पायाला फळ्या बांधून त्यावर चालतात आणि दाते असलेलं अवजड आऊत ओढून चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनावर घराण्याचा ठसा. मग वड्या एकीवर एक, मध्ये वाऱ्याला वाट ठेवून, भिंतीसारख्या रचतात. सहा ते नऊ महिने. सीरियाचा सगळा कोरडा उन्हाळा त्या भिंतींमधून वाहत जातो. बाहेरून वडी पिवळट सोनेरी होते, कापली तर आत हिरवीच. खरा अलेप्पो साबण ओळखायची हीच खूण. २०१२नंतर युद्धात शहर मोडलं तेव्हा कित्येक साबणवाले तुर्कस्तानात गाझियानतेप आणि मेर्सिनकडे गेले. रेसिपी डोक्यात होती, कढया नव्या घेता आल्या. जाडजूड दगडी भिंतींच्या, उंच छताच्या, थंड सावलीच्या जुन्या वखारी मात्र मागेच राहिल्या.

पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुसची मांडणी तर पाहत राहावी अशी. तिथे कढई तळमजल्यावर असते आणि शिजलेला साबण खांद्यावरून वरच्या मजल्यावर नेऊन पसरतात. कापलेल्या वड्यांचे पोकळ शंकू रचतात, माणसापेक्षा उंच, वर निमुळते, प्रत्येक वडीच्या दोन्ही बाजूंना फट. अरबीत त्याला तन्नूर म्हणतात. हवेप्रमाणे आणि वडीच्या जाडीप्रमाणे काही महिने ते वर्षभर हे शंकू तसेच. नंतर वेष्टन बांधणारे येतात, त्यांचे हात इतके सरावलेले की कागद, घडी, वडी हे तीन वेगळे प्रकार डोळ्यांना दिसतच नाहीत. एकोणिसाव्या शतकात नाब्लुसमध्ये तीसहून अधिक कारखाने होते. १९२७चा भूकंप, नंतर कारखान्यांत झालेल्या स्वस्त साबणाची लाट, एप्रिल २००२मधल्या इस्रायली लष्करी कारवाईत जुन्या शहरातल्या कारखान्यांची झालेली पडझड, एवढं सोसून आता मोजकेच उरलेत. डिसेंबर २०२४मध्ये युनेस्कोने नाब्लुसचा साबण आणि अलेप्पोचा घार साबण, दोन्ही परंपरांची मानवी वारशाच्या यादीत एकाच बैठकीत नोंद केली.

या गावांकडून आपण बहुतेक वेळा तेलाचा धडा घेतो, की ऑलिव्हचा साबण उत्तम. त्यांच्याकडून घ्यायचा धडा माझ्या मते जागेचा आहे. त्यांनी आपल्या हवेला सोयीचा महिना निवडला, आपल्या हवेला सोयीची इमारत बांधली, आणि साबण तिच्यात महिनोन्महिने थांबू दिला. आपण कार्यशाळेत त्यांची रेसिपी शिकतो आणि साबण करतो ऑगस्टमध्ये.

महाराष्ट्राला हे सुचू नये याचं आश्चर्य वाटतं. पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या, आमसुलं, सगळं चैत्र-वैशाखात वाळवून मृगाच्या आधी डब्यात बंद करणारं हे राज्य. दिवाळीचा साबणही त्याच वाळवणात का बसू नये? फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, उन्हाळ्यात सावलीला वाळवा, पहिल्या पावसाआधी बांधून ठेवा, दिवाळीला काढा. ताईंना मी हे विचारलं तेव्हा त्या हसल्या. "वाळतो हो झकास. प्रश्न पुढे आहे. तेल टिकायला पाहिजे ना तोवर."

ते 'तोवर' हाच साठवणीचा खरा विषय. हातसाबणात मुद्दाम पाचेक टक्के तेल जास्त घालतात, साबण न झालेलं, कातडीला मऊपणा देणारं. हे मोकळं तेल हवेतल्या प्राणवायूशी संग करतं आणि खवटतं. आधी वडीच्या पाठीवर नारिंगी ठिपका येतो, मोहरीएवढा. आठवड्याने त्याचे चार होतात. मग जुन्या चिवड्याच्या डब्याचा वास. ठिपक्याचा साबण अंगाला लावला तर काही होत नाही, पण विकत कोणी घेत नाही. वाळवणीतली चूक पुन्हा वाळवून सुधारता येते, खवटपणा मागे फिरत नाही.

कुठलं तेल किती टिकेल हे त्यातल्या लिनोलेइक आम्लावरून बरंचसं कळतं. करडईत ते सत्तर टक्क्यांच्या वर असतं, सूर्यफुलातही भरपूर, शेंगदाण्यात तीसेक टक्के, ऑलिव्हमध्ये दहाच्या आसपास. खोबरेलात आणि कोकमाच्या तेलात दोन-तीन टक्केसुद्धा जेमतेम. इथे एक नवी फॅशन आडवी येते. 'लाकडी घाण्याचं करडई तेल' हे शब्द लेबलवर फार छान दिसतात. मराठवाड्याचं तेल, जुना घाणा, कसं मनाला भिडतं. खाण्यासाठी ते घ्याच. पण सात महिने थांबायच्या साबणात ते अर्ध्याहून जास्त घालणं म्हणजे ठिपक्यांना आमंत्रण. उलट भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, बियांचं तेल, ज्याची पांढरी मुठली थंडीत भेगा पडलेल्या टाचांना लावायला कोकणात घरोघर असते, ते साबणात घातलं तर वडी दगडासारखी होते आणि टिकते. महाग आहे, म्हणून दहा-पंधरा टक्केच घालतात. खोबरेल, थोडं एरंडेल, थोडं कोकमतेल आणि उरलेलं ऑलिव्ह किंवा तांदळाच्या कोंड्याचं, असा काहीसा ताईंचा मेळ आहे. नेमकं प्रमाण त्यांनी सांगितलं नाही आणि मीही फार खोदलं नाही.

तेलानंतर धातू. लोखंड आणि तांबं खवटण्याला वेग देतात, अगदी नखाएवढा अंश पुरतो. बेकरीवाल्यांच्या तारेच्या जाळ्या साबणाला स्वस्त आणि सोयीच्या वाटतात. त्यांचा मुलामा एका कोपऱ्यात उडाला की वडीच्या बुडाशी जाळीच्या रेघेवर ओळीने ठिपके उमटतात. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर दोष वडीच्या आतूनच सुरू होतो, म्हणून डिस्टिल्ड वॉटर. वर्तमानपत्रावर वड्या मांडल्या तर शाई उतरते. उजव्या-डाव्या उलट्या झालेल्या बातम्या असलेला साबण मी पाहिला आहे. बटर पेपर, सुती कापड, लाकूड, बांबू, यांतलं काहीही चालतं. धातूला बांधून ठेवायला साबणात थोडं लिंबूसत्त्व घालायची युक्ती आता बऱ्याच जणांना माहीत आहे. मात्र लिंबूसत्त्व कॉस्टिक खातं, एका ग्रॅमला सुमारे शून्य पूर्णांक बासष्ट ग्रॅम, तेवढा जादा धरावा लागतो. जोडीला रोझमेरीचा अर्क प्राणवायूला रोखतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात हॅम्पडन-सिडनी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या केव्हिन डन यांचं 'सायंटिफिक सोपमेकिंग' हे २०१०चं पुस्तक थंड पद्धतीच्या रसायनासाठी वाचण्यासारखं आहे. 'माझ्या आजीची पद्धत' या युक्तिवादाला त्यात तराजूने उत्तर दिलेलं सापडतं.

रंग आणि वास यांचं दुखणं वेगळं. हळद घातलेला साबण कॉस्टिकमुळे आधी लालसर होतो (हळदीचं कुंकू चुन्याने होतं, तोच प्रकार) आणि उजेडात महिनाभर राहिला तर फिका पडत जातो. म्हणून मांडणीच्या खोलीला काळा पडदा. संत्र्याचा, लिंबाचा सुगंध सगळ्यांत आधी उडून जातो. वाळा, पचौली, नागरमोथा मागे राहतात. मार्चमध्ये संत्र्याचा साबण करून दिवाळीला विकायचा विचार करू नये. शिवाय साबण शेजाऱ्याचा वास उचलतो. पुदिन्याची रांग गुलाबाच्या रांगेशेजारी महिनाभर राहिली तर दोन्ही रांगा पुदिन्याच्या. ताईंकडे म्हणूनच पुदिना, कापूर, निलगिरी यांची कपाटं वेगळी, दाराच्या अलीकडे. दिवाळीच्या गिऱ्हाइकाला वडीवर गुलाबाच्या पाकळ्या हव्या असतात. ताज्या वडीवर त्या सुंदर दिसतात, दोन आठवड्यांनी तपकिरी, पुढे उंदराच्या लेंड्यांसारख्या काळ्या. उटण्याची भुकटी घातलेल्या वडीला पावसात ओल लागली तर त्या भुकटीलाच बुरशी धरू शकते, साबणाला नाही.

उंदरांवरून आठवलं. साबण ही चरबी आहे हे माणसं विसरतात, उंदीर विसरत नाहीत. रात्रीत चार वड्यांचे कोपरे कुरतडलेले सापडले तर दोष वासाचा नाही, खोबरेलाचा आहे. डांबरगोळ्या ठेवायची सोय नाही, साबणालाच तो वास लागेल. बारीक जाळी, फटी बुजवणं आणि मांजर, एवढेच उपाय.

मुरलेला साबण बांधायचा कसा यावर साबणवाल्यांत दोन तट आहेत. एक तट कागदी पट्टीचा: वडीला मधोमध कागद गुंडाळायचा, दोन्ही टोकं उघडी, साबणाला श्वास घेऊ द्यायचा. वास घेऊन विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकालाही ते बरं. दुसरा तट प्लास्टिकच्या आकुंचन वेष्टनाचा: आत ओल जाणार नाही, धूळ नाही. माझ्या मते महाराष्ट्रात हा वाद ऋतूप्रमाणे सुटतो. पुरता वाळलेला साबण पावसाआधी घट्ट बांधला तर चार महिने तसाच राहतो. अर्धवट वाळलेला बांधला तर आतल्या आत घामेजतो, वेष्टनाच्या आत थेंब धरतात. बांधण्याची घाई हे या धंद्यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ. याच्या अगदी उलट नियम त्या पारदर्शक ग्लिसरीन साबणाचा, जो तयार ठोकळा वितळवून साच्यात ओततात. त्याला वाळवायचं नसतंच. साच्यातून काढला की लगेच हवाबंद, नाहीतर तासाभरात घाम. दोन्ही साबण एकाच टेबलावर विकले जातात आणि दोन्हींना 'हातसाबण' म्हणतात, त्यामुळे नवख्यांच्या हातून नियमांची अदलाबदल होते.

बांधल्यावर पुठ्ठ्याचे खोके, चपलांचे सुद्धा चालतात. प्लास्टिकचा हवाबंद डबा फक्त पूर्ण वाळलेल्या साबणाला, आणि त्यात सिलिका जेलची पुडी. खोक्यावर तारीख समोरच्या बाजूला, म्हणजे जुनं आधी निघतं. लेबल मात्र शेवटी. २२ सप्टेंबर २०२५ला अंगाच्या साबणावरचा जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाचवर आला तेव्हा नोंदणीकृत साबणवाल्यांनी आधीच छापलेल्या किमतींवर दिवाळीच्या तोंडावर चिकटपट्ट्या लावल्या.

लेबलवरचं वजन हा तर खास साबणाचा प्रश्न. बांधताना शंभर ग्रॅम भरलेली वडी दुकानात पडून पंच्याण्णव झाली तर फसवणूक कोणाची? कायद्याला हे ठाऊक आहे. आवेष्टित वस्तूंच्या २०११च्या वैधमापन नियमांत साबणाच्या वजनापुढे 'बांधतेवेळी' अशा अर्थाचे शब्द जोडायची मुभा आहे. मोठ्या कंपन्यांच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत ते असतातच. कायद्याचं दुसरं अंगही लक्षात ठेवायला हवं. १९४०च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यात प्रसाधनाच्या व्याख्येतून साबण मुळात वगळला होता. १९८२च्या दुरुस्तीने ती सूट काढली. तेव्हापासून विक्रीसाठी साबण करायचा तर परवाना लागतो आणि परवान्यासोबत जागेची पाहणी येते. घराच्या माळ्यावर, सासूबाईंच्या गोधड्यांशेजारी साठवण करणाऱ्यांनी हे प्रकरण आधी मिटवलेलं बरं.

राहिला पैसा. मार्चमध्ये तेल घ्यायचं, दिवाळीत साबण विकायचा, म्हणजे आठ महिने भांडवल मांडणीवर पडून. नाब्लुसच्या व्यापारी घराण्यांना ते परवडत होतं. साबणाचे शंकू हीच त्यांची ठेव होती. चिपळूणच्या ताईंना खोबरेलाचे दोन डबेही उधारीवर येतात. त्यांनी मधला मार्ग काढला आहे. खोबरेल-कोकमाचे, वाळा-नागरमोथ्याचे साबण एप्रिलमध्ये, एकूण मालाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढे. संत्रं, मोगरा, पुदिना गणपतीआधी, यंत्राच्या खोलीत, थोडे थोडे. एप्रिलचा माल वाढवायचा विचार आहे, पण त्यासाठी कर्ज काढायची तयारी नाही.

दिवाळीनंतर उरलेल्या मालाचं काय करता, असं मी निघताना विचारलं. तुळशीच्या लग्नापर्यंत अर्ध्या किमतीत काढणारे साबणवाले पुण्यात मला भेटले होते. ताईंनी एक खोकं पुढे ओढलं. त्यात गेल्या वर्षीच्या एप्रिलच्या ऑलिव्हच्या वड्या होत्या, पिवळसर, नखाने दाबल्या तरी खूण उठत नव्हती.

"ह्या कमी किमतीत? छे. ह्यांचे तर मी वीस रुपये जास्त घेते. सुरतेच्या एक बाई फक्त वर्ष झालेलाच मागतात. मोगऱ्याचा उरलेला मात्र घरात वापरतो, वास गेलाय त्याचा."

"आणि करडईचा?"

"तो आता करतच नाही," त्या म्हणाल्या आणि चिठ्ठी वाचून खोकं परत खालच्या कप्प्यात सरकवलं.